इटालियन उपपदे आणि विशेषणे कोणत्या क्रमाने शिकावीत

इटालियन शिकू लागलेल्यांच्या वह्यांमध्ये आढळणाऱ्या चुका वरवर पाहता वेगवेगळ्या दिसतात. कोणी ‘लो’च्या जागी ‘इल’ लिहिलेले असते, कोणी विशेषणाचा शेवट चुकवलेला असतो, तर कोणी उपपदच (इंग्रजीतील ‘द’, ‘अ’ यांसारखा नामापूर्वीचा शब्द) गाळलेले असते. त्यांतल्या बहुतेकांचे मूळ मात्र एकच असते. वाक्यात उपपद सर्वांत आधी येते, म्हणून विद्यार्थी तेच सर्वांत आधी ठरवायला जातो. वास्तविक नामाचे लिंग, त्याचे वचन, विशेषणाचे रूप आणि विशेषणाची जागा या चारही गोष्टी निश्चित झाल्याखेरीज उपपद ठरवताच येत नाही. म्हणून या लेखातील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि उपपदांचा टप्पा मुद्दाम उशिरा ठेवला आहे. तक्ता पाठ करण्याची घाई असणाऱ्यांनीही सरळ तेथे उडी मारू नये.

पूर्वतयारी: वही आणि उच्चार

या लेखातील इटालियन शब्द उच्चार कळावा म्हणून देवनागरीत दिले आहेत. वहीत ते शब्दकोशातून पाहून रोमन लिपीतच लिहावेत, कारण पुढे अनेकवचनात अक्षरांचे फेरफार होतात आणि ते देवनागरीतून दिसत नाहीत.

उच्चारांच्या बाबतीत मराठी माणसाचे काम बरेच सोपे आहे. रोमन वर्णमालेतील शेवटचे अक्षर ‘झेड’ इटालियनमध्ये कधी ‘चमचा’तील च सारखे, तर कधी ‘जहाज’मधील ज सारखे उच्चारले जाते. हे दोन्ही दंततालव्य उच्चार आपल्या तोंडी आहेतच. येथे ते अनुक्रमे ‘त्स’ आणि ‘द्झ’ असे लिहिले आहेत.

वहीत नाम कधीही एकटे लिहू नये. ‘लीब्रो म्हणजे पुस्तक’ ही नोंद निरुपयोगी आहे, ‘इल लीब्रो, ई लीब्री’ ही उपयोगी आहे. नाम स्वराने सुरू होत असेल, तर एवढेही पुरत नाही. ‘ल'आर्ते’ (कला) या नोंदीवरून लिंग कळत नाही, कारण स्वरापुढे ‘लो’ आणि ‘ला’ दोन्ही आखडून ‘ल'’ होतात. अशा नामाला एखादे विशेषण जोडून ‘ल'आर्ते मोदेर्ना’ असे लिहावे. मग ‘मोदेर्ना’च्या शेवटच्या ‘आ’वरून ते स्त्रीलिंगी असल्याचे कायमचे नोंदले जाते.

टप्पा १: नामाचे लिंग

इटालियनमध्ये लिंगे दोनच आहेत. मराठीतील नपुंसकलिंगी नामांचे काय होते, हा प्रश्न आपल्याला पडतो आणि त्याला नियमाचे उत्तर नाही. पुस्तक पुल्लिंगी आहे (इल लीब्रो), घर स्त्रीलिंगी (ला कासा), दूध पुल्लिंगी (इल लात्ते), पाणी स्त्रीलिंगी (ल'आक्वा), फूल पुल्लिंगी (इल फ्योरे) आणि दार स्त्रीलिंगी (ला पोर्ता). ज्या नामांना मराठीतही पुल्लिंग किंवा स्त्रीलिंगच आहे, तीही जुळतीलच असे नाही. आपला चंद्र तिकडे स्त्रीलिंगी आहे (ला लूना), तसाच आठवडा (ला सेत्तिमाना) आणि हातही (ला मानो). म्हणून मराठी लिंगावरून अंदाज बांधणे पहिल्या दिवसापासून सोडून द्यावे.

अंदाज बांधायचाच असेल, तर तो नामाच्या शेवटच्या स्वरावरून बांधावा. ‘ओ’ने संपणारी नामे बहुतेक पुल्लिंगी आणि ‘आ’ने संपणारी बहुतेक स्त्रीलिंगी असतात. अडचण ‘ए’ने संपणाऱ्यांची आहे, कारण ती कोणत्याही बाजूला जातात. ‘इल सोले’ (सूर्य), ‘इल पाने’ (पाव), ‘इल मारे’ (समुद्र) पुल्लिंगी आहेत, तर ‘ला नोत्ते’ (रात्र), ‘ला क्यावे’ (किल्ली), ‘ला लूचे’ (प्रकाश), ‘ला कार्ने’ (मांस) स्त्रीलिंगी. यातही थोडा आधार मिळतो. ‘-त्स्योने’ने संपणारी नामे स्त्रीलिंगी असतात (ला स्तात्स्योने, ला लेत्स्योने) आणि ‘-ओरे’ने संपणारी जवळजवळ सगळी पुल्लिंगी (इल फ्योरे, इल कोलोरे). बाकीची पाठ करण्याला पर्याय नाही.

सावधान: ‘-मा’ने संपणारी काही ग्रीक मुळाची नामे पुल्लिंगी आहेत, उदाहरणार्थ इल प्रोब्लेमा, इल प्रोग्राम्मा, इल सिस्तेमा, इल क्लीमा. ‘ला प्रोब्लेमा’ ही या पातळीवरची फार सामान्य चूक आहे. उलट ‘ला फोतो’ (छायाचित्र) आणि ‘ला रादियो’ ही नामे ‘ओ’ने संपूनही स्त्रीलिंगी आहेत.

टप्पा २: एकवचन की अनेकवचन

येथे नियम थोडके आहेत. शेवटच्या ‘ओ’चा ‘ई’ होतो (लीब्रो, लीब्री), ‘आ’चा ‘ए’ होतो (कासा, कासे) आणि ‘ए’चा लिंग कोणतेही असले तरी ‘ई’ होतो (फ्योरे, फ्योरी, क्यावे, क्यावी). ‘प्रोब्लेमा’सारखी पुल्लिंगी नामे ‘प्रोब्लेमी’ अशी चालतात. शेवटच्या स्वरावर आघात असलेली (ला चित्ता म्हणजे शहर, इल काफ्फे म्हणजे कॉफी) आणि व्यंजनाने संपणारी (इल फिल्म, लो स्पोर्त) नामे बदलतच नाहीत, तेथे वचन केवळ उपपदावरून कळते: ला चित्ता, ले चित्ता.

‘क’ किंवा ‘ग’ने संपणाऱ्या रूपांकडे लक्ष द्यावे. स्त्रीलिंगात हा उच्चार नेहमी टिकतो: आमीका, आमीके. तो टिकवण्यासाठी रोमन लेखनात ‘एच’ घालावा लागतो आणि विद्यार्थी नेमका तोच विसरतात. पुल्लिंगात तो कधी टिकतो (ब्यांको, ब्यांकी), कधी बदलतो (आमीको, आमीची). ‘लुंगो’ (लांब) याचे अनेकवचन ‘लुंगी’ होते. हे रूप मराठी माणूस सहसा विसरणार नाही.

वचनाच्या बाबतीत खरी फसगत रूपांत होत नाही, विचारात होते. मराठीत आपण ‘लोक चांगले आहेत’ असे अनेकवचनी बोलतो, इटालियनमध्ये ‘ला जेन्ते’ हे एकवचनी स्त्रीलिंगी नाम आहे. द्राक्षे आपल्याकडे अनेकवचनी, तिकडे ‘ल'ऊवा’ एकवचनी. ‘फळे’ या अर्थाचा समूहवाचक शब्द ‘ला फ्रुत्ता’ हाही एकवचनी. याउलट कॅफेच्या फलकांवरून ओळखीचा झालेला ‘पनीनी’ हा शब्द मुळात अनेकवचनी आहे. एकच हवा असेल, तर ‘उन पानीनो’ म्हणावे लागते.

आदरार्थी अनेकवचनाची सवय याहून घट्ट असते. ‘आजोबा दमले आहेत’ हे मराठीत बरोबर असले, तरी इटालियनमध्ये आजोबा एकच आहेत, म्हणून ‘इल नोन्नो ए स्तांको’ असे एकवचनीच म्हणायचे. ‘स्तांकी’ म्हटले, तर ऐकणारा दुसऱ्या माणसाला शोधू लागेल. आदर दाखवण्यासाठी इटालियनमध्ये ‘लेई’ हे सर्वनाम वापरतात आणि त्याच्याबरोबरही क्रियापद व विशेषण एकवचनीच राहते.

पडताळा: पुढे जाण्यापूर्वी वहीतील कोणतीही वीस नामे झाकून त्यांचे लिंग आणि अनेकवचन सांगता येते का, हे पाहावे. दोनतीनपेक्षा जास्त अडली, तर येथेच थांबावे. येथली चूक पुढच्या प्रत्येक टप्प्यात वाढत जाते.

टप्पा ३: विशेषणाचे रूप

‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ म्हणणाऱ्याला विशेषण नामाप्रमाणे बदलते, हे समजावून सांगावे लागत नाही. मराठीत विकारी आणि अविकारी असे दोन गट असतात, हेही आपल्याला ठाऊक आहे. इटालियनमध्ये गट तीन आहेत.

पहिल्या गटाला चार रूपे असतात: रोस्सो, रोस्सा, रोस्सी, रोस्से (लाल). न्वोवो (नवा), पिक्कोलो (लहान), आल्तो (उंच), इन्दियानो (भारतीय) हे सारे याच गटातले. दुसऱ्या गटाला दोनच रूपे असतात, एकवचनी ‘ए’ आणि अनेकवचनी ‘ई’, आणि लिंगाने फरक पडत नाही: वेर्दे, वेर्दी (हिरवा), ग्रांदे, ग्रांदी (मोठा), इन्तेरेस्सान्ते, इन्तेरेस्सान्ती (रंजक). तिसरा गट न बदलणाऱ्यांचा आहे: ब्लू (निळा), रोझा (गुलाबी), व्योला (जांभळा).

आता हे गट मराठीशी ताडून पाहावेत. आपला ‘लाल’ बदलत नाही, त्यांचा बदलतो. आपला ‘हिरवा’ लिंगाप्रमाणे बदलतो, त्यांचा बदलत नाही. आपला ‘निळा’ निळी, निळे असा चालतो, त्यांचा ‘ब्लू’ सगळीकडे ब्लूच राहतो. म्हणजे रंगांच्या बाबतीत मराठीची सवय नेमकी उलटी पडते. विशेषण पाठ करताना ते कोणत्या गटातले आहे, हेही त्याच वेळी नोंदवावे.

यानंतरची चूक यमकाची. नाम आणि विशेषण यांचे शेवट सारखे ऐकू आले पाहिजेत, असा समज ‘कासा रोस्सा’, ‘लीब्रो न्वोवो’ अशा पहिल्या उदाहरणांनी करून दिलेला असतो आणि पाठ्यपुस्तकेही तो वेळेवर मोडत नाहीत. विशेषण नामाच्या लिंगाशी आणि वचनाशी जुळते, त्याच्या शेवटच्या अक्षराशी नव्हे. पुढील जोड्या मोठ्याने म्हणाव्यात:

इल फ्योरे रोस्सो, ई फ्योरी रोस्सी (लाल फूल)
ला नोत्ते लुंगा, ले नोत्ती लुंगे (लांबलचक रात्र)
ला मानो पुलीता, ले मानी पुलीते (स्वच्छ हात)
इल प्रोब्लेमा सेरियो, ई प्रोब्लेमी सेरी (गंभीर अडचण)
ला कासा ग्रांदे, ले कासे ग्रांदी (मोठे घर)

शेवटच्या ओळीत ‘ले कासे ग्रांदे’ असे तोंडात येते, कारण ‘ले’ आणि ‘कासे’ यांच्या ओघात ‘ए’ हा स्त्रीलिंगी अनेकवचनाचाच स्वर वाटू लागतो. ‘ग्रांदे’ दुसऱ्या गटातले असल्याने तेथे ‘ग्रांदी’च हवे.

नामापासून दूर गेले, तरी विशेषण हा संबंध सोडत नाही: ‘ले कासे सोनो न्वोवे’ (घरे नवी आहेत). पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी नामे एकत्र आली, तर विशेषण पुल्लिंगी अनेकवचनी होते. स्वतःबद्दल बोलताना स्त्रीने ‘सोनो इन्दियाना’, पुरुषाने ‘सोनो इन्दियानो’ म्हणावे.

सावधान: ‘खूप’ या अर्थाचा ‘मोल्तो’ विशेषणापूर्वी आला, तर बदलत नाही (मोल्तो बेल्ला, खूप सुंदर). नामापूर्वी ‘पुष्कळ’ या अर्थाने आला, तर बदलतो (मोल्ते कासे, पुष्कळ घरे).

टप्पा ४: विशेषणाची जागा

मराठीत विशेषण नामाच्या आधी येते, इटालियनमध्ये ते सर्वसाधारणपणे नंतर येते. रंग, आकार आणि राष्ट्रीयत्व दाखवणारी विशेषणे या पातळीवर नेहमी नंतरच ठेवावीत: ऊना माक्किना रोस्सा (एक लाल मोटार), उन रागात्सो इन्दियानो (एक भारतीय मुलगा). नेहमीच्या वापरातील काही छोटी विशेषणे मात्र पुष्कळदा आधी येतात: बेल्लो (सुंदर), ब्वोनो (चांगला), ग्रांदे, पिक्कोलो, न्वोवो, वेक्क्यो (जुना किंवा म्हातारा), ज्योवाने (तरुण). ‘आल्त्रो’ (दुसरा), संख्या आणि ‘मोल्तो’सारखी परिमाणवाचके आधीच येतात. जागा बदलल्याने कधी अर्थही बदलतो. ‘उन वेक्क्यो आमीको’ म्हणजे जुना मित्र, तर ‘उन आमीको वेक्क्यो’ म्हणजे वयाने म्हातारा मित्र. अशा जोड्यांची यादी सुरुवातीला पाठ करण्यात वेळ घालवू नये, वाचनात त्या आपोआप भेटतात. शंका आली, तर विशेषण नंतर ठेवावे.

टप्पा ५: आता उपपद

निश्चित उपपदे (इंग्रजी ‘द’सारखी) अशी: पुल्लिंगी एकवचनी इल, लो, ल', पुल्लिंगी अनेकवचनी ई, ल्यी, स्त्रीलिंगी एकवचनी ला, ल', स्त्रीलिंगी अनेकवचनी ले. अनिश्चित उपपदे (इंग्रजी ‘अ’, ‘अ‍ॅन’सारखी) अशी: पुल्लिंगी उन, ऊनो, स्त्रीलिंगी ऊना, उन'.

लिंग आणि वचन आधीच ठरलेले असल्याने आता प्रश्न एकच उरतो: उपपदाच्या लगेच पुढचा शब्द कोणत्या ध्वनीने सुरू होतो?

पुढे स्वर असेल, तर एकवचनात ‘ल'’ आणि पुल्लिंगी अनेकवचनात ‘ल्यी’ येते: ल'आमीको, ल्यी आमीची. रोमन ‘एच’ उच्चारला जात नसल्याने ‘हॉटेल’ही स्वरादीच मानावे: ल'ओतेल. पुल्लिंगी शब्द ‘स’ आणि लगेच दुसरे व्यंजन, ‘त्स’ किंवा ‘द्झ’, ‘न्य’, ‘प्स’ यांनी सुरू होत असेल, तर लो, ल्यी, ऊनो ही रूपे येतात: लो स्तुदेन्ते (विद्यार्थी), लो त्सीओ (काका किंवा मामा), लो द्झाइनो (पाठीवरची पिशवी), ल्यी न्योक्की (उकडलेल्या बटाट्याचे गोळे), लो प्सिकोलोगो (मानसशास्त्रज्ञ). ‘लो योगुर्त’ही याच रांगेत येतो. बाकी बहुतेक सर्व पुल्लिंगी शब्दांना इल, ई, उन लागतात. उत्तर इटलीत कोणी सर्रास ‘ई न्योक्की’ म्हणताना ऐकू आले, तरी लिहिताना आणि परीक्षेत ‘ल्यी न्योक्की’च लिहावे.

येथे दोन गैरसमज वारंवार होतात. पहिला म्हणजे प्रत्येक जोडाक्षरापूर्वी ‘लो’ लावणे. ‘त्र’, ‘प्र’, ‘फ्र’, ‘ग्र’ यांना ‘लो’ लागत नाही: इल त्रेनो (रेल्वेगाडी), इल प्रोब्लेमा, इल फ्रातेल्लो (भाऊ). वर दिलेले ‘त्स’, ‘द्झ’, ‘न्य’, ‘प्स’ सोडले, तर जोडाक्षरात ‘स’ पहिला हवा. नुसता ‘स’ आणि पुढे स्वर असेल, तरीही ‘इल’च येते: इल सोले. दुसरा गैरसमज म्हणजे हा नियम स्त्रीलिंगी नामांना लावणे. स्त्रीलिंगात व्यंजन कोणतेही असो, ‘ला’च येते: ला स्क्वोला (शाळा), ला स्तात्स्योने, ला त्सीआ (मावशी, आत्या किंवा काकू). स्त्रीलिंगी ‘ले’ स्वरापुढेही आखडत नाही: ले आमीके.

लेखनातील एक बारकावा असा की ‘उन’पुढे लोपचिन्ह फक्त स्त्रीलिंगात द्यावे. ‘उन आमीको’ आणि ‘उन'आमीका’ यांतील ‘उन’ कानाला सारखेच लागते, म्हणून ऐकून लिहिताना येथे हमखास गुण जातात.

आता या टप्प्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. उपपदाचे लिंग आणि वचन नामावरून ठरते, पण त्याचे नेमके रूप लगेच पुढच्या शब्दावरून ठरते, आणि तो शब्द नामच असेल असे नाही. म्हणूनच विशेषणाची जागा आधी ठरवायची. उदाहरणे पाहावीत:

लो स्तुदेन्ते, पण इल न्वोवो स्तुदेन्ते, आणि ल'आल्त्रो स्तुदेन्ते
ऊनो द्झाइनो, पण उन पिक्कोलो द्झाइनो
ल'आमीका, पण ला मीआ आमीका (माझी मैत्रीण)
इल लीब्रो, पण लो स्तेस्सो लीब्रो (तेच पुस्तक)

उपपद आधी ठरवणारा येथे ‘लो न्वोवो स्तुदेन्ते’ लिहितो. त्याला तक्ता पाठ असतो, क्रम चुकलेला असतो.

पडताळा: एक नाम घेऊन त्याची एकवचन, अनेकवचन, निश्चित, अनिश्चित, विशेषण आधी आणि विशेषण नंतर अशी सर्व रूपे न थांबता म्हणावीत. ‘स्तुदेन्ते’, ‘आमीका’ आणि ‘आल्बेरो’ (झाड) ही तीन नामे यासाठी पुरेशी आहेत, कारण त्यांत बहुतेक सगळ्या शक्यता येतात.

टप्पा ६: बेल्लो आणि ब्वोनो

ही दोन विशेषणे नामापूर्वी आली की स्वतःच उपपदांसारखी वागतात. ‘बेल्लो’ निश्चित उपपदाप्रमाणे चालते: बेल लीब्रो, बेल्लो द्झाइनो, बेल'आल्बेरो, बेई लीब्री, बेल्यी आल्बेरी, बेल्ला कासा, बेल्ले कासे. ‘ब्वोनो’ एकवचनात अनिश्चित उपपदाप्रमाणे चालते: ब्वोन लीब्रो, ब्वोन आमीको, ब्वोन'आमीका. नामानंतर किंवा क्रियापदानंतर आली की दोन्ही पहिल्या गटातील साध्या विशेषणांप्रमाणे चालतात: ई लीब्री सोनो बेल्ली.

आतापर्यंतचे सगळे टप्पे एकत्र तपासण्यासाठी ‘सुंदर आरसे’ घ्यावेत. आरसा म्हणजे ‘स्पेक्क्यो’, पुल्लिंगी, अनेकवचन ‘स्पेक्की’. विशेषण आधी ठेवले, तर त्याचे रूप ‘स्पेक्की’तील ‘स्प’मुळे ‘बेल्यी’ होते. उपपद मात्र आता ‘बेल्यी’तील ‘ब’ पाहते, म्हणून ‘ई’: ई बेल्यी स्पेक्की. विशेषण काढले, तर ल्यी स्पेक्की. ‘दुसरे सुंदर आरसे’ म्हणायचे असेल, तर ल्यी आल्त्री बेल्यी स्पेक्की.

टप्पा ७: उपपद कोठे लावावे आणि कोठे टाळावे

मराठीत उपपद नाही आणि इंग्रजीत ते सर्वसामान्य विधानांत गळते, त्यामुळे ‘मला कॉफी आवडते’ याचे इटालियन करताना दोन्ही भाषा आपल्याला चुकीच्याच दिशेने नेतात. इटालियनमध्ये तेथे उपपद हवे: मी प्याचे इल काफ्फे. देशांच्या नावांना कर्ता म्हणून वापरताना उपपद लागते (ल'इतालिया, ल'इन्दिया), शहरांच्या नावांना लागत नाही. ‘माझे पुस्तक’ म्हणतानाही ‘इल मीओ लीब्रो’ असे उपपदासह म्हणावे. जवळचा नातेवाईक एकच असेल, तर ते गळते (मीआ माद्रे, माझी आई), अनेक असतील, तर परत येते (ले मीए सोरेल्ले, माझ्या बहिणी). घड्याळाची वेळ सांगताना उपपद लागते (सोनो ले त्रे, तीन वाजले आहेत). ‘इल लुनेदी’ म्हणजे दर सोमवारी आणि नुसते ‘लुनेदी’ म्हणजे येत्या किंवा गेलेल्या सोमवारी. ‘मी विद्यार्थी आहे’ हे ‘सोनो स्तुदेन्ते’ असे उपपदाविना चालते, पण विशेषण जोडताच ‘सोनो ऊनो स्तुदेन्ते इन्दियानो’ होते.

‘दी’, ‘आ’, ‘दा’, ‘इन’, ‘सू’ या शब्दयोगी अव्ययांना निश्चित उपपद चिकटून देल, आल, दाल, नेल, सूल अशी रूपे होतात. ती वरील टप्पे पक्के होईपर्यंत हाती घेऊ नयेत. हाती घेतल्यावर मात्र त्यांच्यासाठी नवा नियम शिकावा लागत नाही: देल्लो स्तुदेन्ते (विद्यार्थ्याचा), देल न्वोवो स्तुदेन्ते (नव्या विद्यार्थ्याचा), देल'आल्त्रो स्तुदेन्ते (दुसऱ्या विद्यार्थ्याचा).